कुत्र्यांच्या अंगावरची मी

मित्रांनो, मी एक गाठ आहे. इतकी जुनी, की परभणीकडच्या चारठाण्याची शेकडो वर्षांची देवळंसुद्धा माझ्यापुढं कालची. हजारो वर्षांपूर्वी एका कुत्र्याच्या अंगात मी जन्मले. इतर कर्करोग रोग्याबरोबरच मातीत जातात. मी इतकी मूर्ख नव्हे. कुत्र्याचं अंग कुत्र्याला लागलं, की माझ्या जिवंत पेशी नव्या अंगावर रुजतात. परक्या शरीराच्या पहारेकऱ्यांना चकवायला मी पिढ्यान्‌पिढ्या शिकत गेले. तो पहिला कुत्रा कधीच संपला. त्याचा हा तुकडा मात्र अजून जगतो आहे.

रझाकारांची धामधूम मिटल्यावर मी झरी गावच्या माणिकरावांच्या 'काळी' नावाच्या कुत्रीवर होते. "काळी असल्यावर रानडुक्कर शेतात पाय टाकीत न्हाई," असं ते चारचौघांत मिरवायचे. मी वाढले, रक्त ठिबकू लागलं, आणि कौतुक आटलं. त्यांनी तिला काठीनं हाकललं. शेजारच्या भुजंगानं निदान केलं, "करणी हाय ही. मारून टाका." करणी! मला त्याच्या अकलेची कीव आली. उकिरड्यावर काळी इतर कुत्र्यांत मिसळली, आणि मी आरामात त्यांच्याही अंगावर गेले.

एक दिवस भुजंग कुऱ्हाड घेऊन उकिरड्याकडं निघाला. माणिकराव नुसते बघत उभे. त्यांची बायको बायनाबाई मात्र धावत येऊन काळीपुढं उभी राहिली.

"हिनं राखलेली ज्वारी गोड लागली, अन् आता हिच्या जिवावर उठलाव?"

"अगं, लोक हसायलेत," माणिकराव पुटपुटले.

"हसू द्या. तुमी गाडी जुपा."

काळीला पोत्यावर निजवून बाईनं परभणीचा जनावरांचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी मला कापून काढलं. उरलेसुरले माझे कण काळीच्या शरीरानंच ओळखून संपवले. सुगीत ती पुन्हा शेतावर भुंकू लागली. माणिकराव पुन्हा मिरवू लागले. निर्लज्जपणाला औषध नसतं.

आणि मी? ज्यांना बायनाबाई भेटली नाही, त्या उकिरड्यावरच्या कुत्र्यांवर मी मजेत होते.

मित्रांनो, मुक्या जिवाच्या अंगावर गाठ दिसली, तर त्याला इतरांपासून वेगळं बांधा आणि दवाखान्यात न्या. एवढं एका रोगानं तुम्हाला सांगावं लागतं, याची लाज वाटू द्या. जमत नसेल तर खुशाल दगड उचला, हाकलून द्या. माझा संसार तुमच्या त्या दगडांवरच चालतो.