बँकॉकची मॅच

"नी-कॅप आत्ताच घालू नका गं! ग्राउंड यायला टाइम हाय!" बालाजी सर बसच्या मधोमध उभं राहून ओरडत होते. पण आम्ही बाराजणी ऐकतोय कुठल्या! सकाळचे आठ वाजले होते, खिडकीबाहेर चक्क बँकॉक होतं, आणि आम्ही निळा किट घालून, बूट आवळून, वेण्या डोक्याला गच्च बांधून बसलो होतो.

"सर, मला तर दारातनंच सूर मारावा वाटायलाय," मोनिका म्हणाली.

"मार. पासपोर्ट माझ्याकडं दे आन् मार."

बस हसून हसून हलली. पुढच्या सीटवर उमाबाई मावशी पदर डोक्यावर घेऊन, पायांत भाकरीचं गाठोडं धरून बसल्या होत्या. मावशी आमच्या शाळेत खिचडी शिजवतात. पोरींच्या टीमबरोबर एक बाई लागतेच, आणि शाळेतल्या कुठल्याच मॅडमना जमेना, म्हणून मावशींच्या गळ्यात 'लेडी मॅनेजर' असं कार्ड पडलं. ते कार्ड त्या विमानात झोपतानाही काढत नव्हत्या.

आम्ही जळकोटच्या. सोलापूर-हैदराबाद हायवेवरचं आमचं गाव. तिथं बालाजी सर चौदा वर्षं खेळ शिकवतात, आणि चौदा वर्षं तासिका तत्त्वावरच आहेत. म्हणजे शिकवतील तेवढ्या तासांचे, सुट्टी लागली की घरी. शाळेमागचं मैदान त्यांनी स्वतः दगडं वेचून केलं. खांब स्वतः रोवले. संस्थेचे लोक दरवर्षी म्हणायचे, बघू, कायम करू, काहीतरी मोठं करून दाखवा. मग उन्हाळ्यात एका संघटनेचे सेक्रेटरी साहेब आले. थायलंडला आंतरराष्ट्रीय खो-खो स्पर्धा, तुमच्या पोरींची निवड झाली म्हणाले. गावानं वर्गणी काढली. निघताना हायवेपर्यंत हलगी वाजली. काल संध्याकाळी आम्ही पोचलो, आज सामने, उद्या परत.

सरांच्या बॅगेत किलोभर फक्की होती. फक्की म्हणजे मैदानावर रेषा मारायची पांढरी पावडर. हैदराबादला विमानतळावर बॅग उघडून तिघांनी ती पिशवी हुंगली. सर आपले, "ग्राउंड पावडर, ग्राउंड पावडर!" मी पुढं होऊन इंग्रजीत समजावलं तेव्हा सोडलं.

हो, मी! आठवीपर्यंत हजेरीलासुद्धा माझा आवाज निघायचा नाही, शेजारची पोरगी माझं 'हजर' म्हणायची. खो-खोत बसलेल्या खेळाडूच्या पाठीला हात लावून मोठ्यानं 'खो' म्हणावं लागतं. आवाज आला तरच तिनं उठायचं. नुसत्या हातानं उठली की फाऊल. मी हात लावायचे आणि तोंड मिटून उभी राहायचे. एका संध्याकाळी सर स्वतः माझ्यापुढं मैदानावरच्या खेळाडूच्या चौकात बसले, पाठ करून. म्हणाले, "समृद्धे, ऐकू येईस्तोर म्या उठणार न्हाय." तासभर बसले. दिवस मावळायला आला, सगळ्या पोरी घरी गेल्या. शेवटी मी अशी किंचाळले की हायवेवरच्या धाब्यातला माणूस बाहेर आला. सर उठले आणि पळत सुटले, खरंच खो मिळाल्यासारखे. त्या दिवसापासून मी गप्प बसलेच नाही. आता दहावीत आहे, भाषणात पहिली येते, बसच्या कंडक्टरशी भांडते.

तर बस थांबली ती मैदानापाशी नाही, एका देवळापाशी. आत सोन्याचा बुद्ध होता, अख्खाच्या अख्खा सोन्याचा. आमच्या गाइडचं नाव निन, हातात छोटा पिवळा झेंडा. तिनं सांगितलं की शेकडो वर्षं ही मूर्ती चुन्याच्या गिलाव्याखाली झाकलेली होती. कुणाला पत्ताच नव्हता. हलवताना पडली, गिलावा फुटला, आतून सोनं निघालं. मी मराठीत सांगितलं तर सरांनी हातच जोडले.

"ऐका गं. वरून चुना, आतून सोनं. तुमीबी तशाच हाव."

"आन् सर तुमी?" मोनिकानं विचारलं.

"म्या नुसता चुना."

मी हसतच निनजवळ गेले आणि विचारलं, ग्राउंड किती लांब आहे? तिला कळेना. तिनं हातातला कागद मला दाखवला. सोन्याचा बुद्ध, झोपलेला बुद्ध, जेवण, दागिन्यांचं दुकान, नदीकाठची बाग, पाच वाजता हॉटेल. वर लिहिलं होतं, पूर्ण दिवस शहर दर्शन. मी कागद उलटा करून बघितला. मागं कोरा होता. "नो मॅच?" मी विचारलं. निन हसली. तिला मॅच हा शब्दच नवा होता.

आमच्याबरोबर आलेले सेक्रेटरी साहेब बाहेर फोनवर बोलत होते. मला वाटलं, जाऊन सांगावं सरांना, आत्ताच. पण सर मूर्तीपुढं डोळे मिटून उभे होते आणि त्यांच्या शर्टाच्या खिशातून कागदाची घडी डोकावत होती. पहिल्या तुकडीत कोण, दुसऱ्या तुकडीत कोण. विमानात चार वेळा खोडून लिहिलेली.

झोपलेला बुद्ध तर एवढा लांब की आमच्या मैदानाच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत निजला असता तरी पाय बाहेर गेले असते. मावशी त्याच्या तळपायाशी थांबल्या.

"ह्यो देव आजारी हाय का गं?"

"नाही मावशी, शेवटचा झोपलाय."

"मग आपण कशाला गलका करायलोय," म्हणून मावशींनी सगळ्यांना गप्प केलं.

भिंतीकडेनं पितळेच्या वाट्या मांडलेल्या. लोक प्रत्येकीत एक नाणं टाकत चालले होते. टिण्, टिण्, टिण्. त्या आवाजात सर माझ्या शेजारी आले.

"समृद्धे, त्या बाईला इचार बरं, ग्राउंड कितीक लांब हाय? पोरींचं अंग गार पडायलंय."

मी निनकडं गेले. काहीतरी विचारल्यासारखं केलं. शौचालय कुठं आहे, असं विचारलं. तिनं हातानं दाखवलं.

"जवळच आहे सर," मी म्हणाले. "जेवल्यावर."

माझा आवाज अगदी खणखणीत निघाला.

जेवताना मावशींनी गाठोडं सोडलं. कडक भाकरी, शेंगादाण्याची चटणी. सर जेवलेच नाहीत. मॅचच्या आधी ते कधीच जेवत नाहीत. "तू शेवटच्या तीन मिनिटांत जायचं," ते मला सांगत होते. "उंच पोरी असल्या तर वाकायला येळ लावतेत. खांबावर सूर मार, बास." मी मान हलवत होते. दागिन्यांच्या दुकानात एसी एवढा जोरात होता की पोरी नी-कॅप चोळत उभ्या राहिल्या. मोनिकानं माझ्याकडं बघितलं.

"मॅच न्हाय ना गं?"

मी दुकानाच्या काचेकडं बघायला लागले. तेवढं तिला पुरलं.

तीन वाजता बस नदीकाठच्या बागेपाशी थांबली. हिरवंगार सपाट गवत! सर पहिले उतरले. "आलं ग्राउंड! चला, दोन चक्कर मारा!" आम्ही पळालो. मोनिकासुद्धा पळाली. काय करणार?

आमची चक्कर संपेपर्यंत ड्रायव्हरनं बसच्या पोटातून तीन लाकडी खोकी काढली. त्यांच्यावर १, २, ३ असं रंगवलेलं होतं. सेक्रेटरी साहेबांनी झाडाला बॅनर बांधला.

"सर, पोरींना एक नंबरवर घ्या. उजेड आहे तोवर फोटो होऊ दे."

"साहेब, आधी मॅच," सर म्हणाले.

"समोरची टीम आली नाही ना. तुम्हाला वॉकओव्हर. गोल्ड तुमचंच! इंटरनॅशनलला असंच असतंय."

सर हसले. माणूस न समजून हसतो तसं. मग त्यांनी बागेकडं बघितलं. एक म्हातारी पक्ष्यांना दाणे टाकत होती. खांब नव्हते, पंच नव्हते, कुणीच नव्हतं. मग माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं आणि त्यांना सगळं समजलं, सकाळपासूनचं सगळं.

"साहेब," ते हळू म्हणाले, "नऊ मिनिटं द्या. एक डाव. आमच्या आमच्यात सहा-सहा करून खेळतो. न खेळता पदक कसं घालू पोरींच्या गळ्यात?"

"बसचा टाइम होतोय सर."

"नऊ मिनिटं."

उत्तराची वाट न बघता सरांनी पिशवी काढली आणि वाकून फक्की मारायला लागले. दोरी नाही, काही नाही, तरी रेष सरळ. चौदा वर्षांचा हात. हिरव्या गवतावर ती पांढरी रेष एवढी सुंदर दिसली की आम्ही न सांगता रांगेत उभ्या राहिलो.

शिट्टी वाजली. मला क्षणभर वाटलं, पंच!

बागेचा रखवालदार होता. तो ओरडला नाही. त्यानं नमस्कार केला, रेषेकडं बोट दाखवलं आणि सरांच्या हातात झाडू दिला. गवतातली पावडर झाडूनं कुठं निघते? सर गुडघ्यांवर बसले आणि रुमालानं ती टिपायला लागले. मी पुढं झाले तर म्हणाले, "तू नको. किट खराब होईल."

पुढं आम्ही एक नंबरच्या खोक्यावर उभ्या राहिलो. मावणार किती, चारजणी वर, बाकीच्या बाजूला. दोन नंबरचं खोकं फोटोत रिकामं दिसायला लागलं, तेव्हा साहेबांनी निनला आणि ड्रायव्हरला त्याच्यावर उभं केलं. दोघांना वाटलं, गंमत चाललीय. ते गोड हसले.

"अगं बया, ह्यो तर आपला डायवर!" मावशी म्हणाल्या. कुणीच हसलं नाही.

पदकावर फुटबॉल खेळणाऱ्या माणसाचं चित्र होतं.

हैदराबादला उतरून गाडी निघाल्यावर सर मागं वळले. "पोरींनो, गावात म्या सांगतो काय झालं ते. चूक माझी हाय. तुमी कुणी काय बोलू नगा." आम्हाला केवढं हलकं वाटलं! उमरग्याला चहा प्यालो तेव्हा मोनिकानं एक विनोदसुद्धा केला.

पण फाट्यावरच बॅनर दिसला. आमचे बाराजणींचे फोटो, खाली 'आंतरराष्ट्रीय सुवर्णकन्या'. हलगी, गुलाल, ट्रॅक्टर. सरांच्या आई, सिताबाई आजी, आरतीचं ताट घेऊन उन्हात उभ्या. सर ट्रॅक्टरवर चढलेच नाहीत, मागनं चालत आले.

शाळेच्या मैदानात स्टेज होतं. मुख्याध्यापकांनी सांगितलं, बालाजी सरांना कायम करण्याचा प्रस्ताव आजच संस्थेकडं जातोय. टाळ्या. आजींनी पदर डोळ्यांना लावला. मग सरांच्या हातात माईक दिला. सर उभे राहिले. पहिल्या रांगेत आई. त्यांनी तोंड उघडलं.

"पोरींनी... पोरींनी लई मेहनत केली," म्हणाले, आणि बसले.

माईक माझ्याकडं आला. भाषणात पहिली येणारी मीच ना! मी खरं सांगणार होते. देवाशप्पथ. मी सरांकडं बघितलं, ते आपल्या नखांकडं बघत होते.

"थायलंडच्या पोरी लई उंच होत्या," मी म्हणाले.

आणि मग थांबताच येईना. शेवटची तीन मिनिटं राहिली होती, एक गडी बाद करायचा होता, सरांनी बाहेरून खूण केली, मी खांबावर असा सूर मारला, असा! मी स्टेजवर हात पसरून दाखवलं. शिट्ट्या पडल्या. मोनिका जमिनीकडं बघत होती. मावशी ढसाढसा रडल्या, लोकांना वाटलं आनंदानं. माझा आवाज स्पीकरशिवायही हायवेपर्यंत गेला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी मैदानावर गेले. वाटलं, कुणी नसेल. सर होते. गुलालानं लाल झालेली माती झाडून त्यांनी रेषा मारल्या होत्या. पिशवी खांबापाशी पडली होती, बँकॉकहून परत आलेली तीच, अर्धी.

मी म्हणाले, "सर, तुम्ही कायम होणार." त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते चालत गेले आणि पहिल्या चौकात बसले, पाठ माझ्याकडं करून. एक गुडघा वर, हात जमिनीला टेकवलेले. दोन वर्षांपूर्वी बसले होते तसे. शर्टाच्या कॉलरवर अजून गुलाल होता.

मी मागं जाऊन उभी राहिले. त्यांच्या पाठीला हात लावला. तोंड उघडलं.

हायवेवरून एक ट्रक गेला. मग दुसरा गेला.

सर वाट बघत बसून राहिले.