अन्वी रागवायला शिकते

सरलाबाई शाळेतून रिटायर झाल्या, पण त्यांच्यातली मुख्याध्यापिका काही रिटायर व्हायला तयार नव्हती. पुण्यात महापालिकेच्या शाळेत त्यांनी उभी हयात घालवलेली. आता तीन महिन्यांसाठी न्युरेम्बर्गला लेकाकडे आल्या, तर तिथल्या डिशवॉशरमध्ये ताटल्यासुद्धा उंचीप्रमाणे रांगेत उभ्या करू लागल्या. सून ईप्सिता समजूतदार. "अहो आई, राहू द्या ना," एवढंच म्हणायची आणि मागाहून गुपचूप सगळं होतं तसं लावून टाकायची.

सरलाबाईंचं दुखणं मात्र वेगळंच होतं. ते म्हणजे नऊ वर्षांची नात, अन्वी. पोरीला मराठी सगळं कळायचं. "अन्वी, पाणी आण" म्हटलं की पाणी यायचं, पण पाण्याबरोबर उत्तर यायचं ते जर्मन. पुढच्या मंगळवारी परतीचं विमान, आणि अजून एक धड मराठी वाक्य काही आजीच्या पदरात पडलं नव्हतं. गोष्टी सांगून झाल्या, लाडीगोडी लावून झाली, चकलीचं आमिष दाखवून झालं. अन्वीने चकल्या फस्त केल्या आणि "डांके", म्हणजे धन्यवाद, असं जर्मनमध्येच म्हणाली. सरलाबाई वरवर हसल्या, पण मनातून त्यांना फार वाईट वाटलं.

अशात अन्वीच्या शाळेला सव्वाशे वर्षं पूर्ण झाली.

"म्हणजे शतकोत्तर रौप्यमहोत्सव!" सरलाबाई म्हणाल्या.

त्यांचा लेक पुष्कर लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाला, "आई, यापेक्षा जर्मन सोपं आहे गं."

शनिवारी अन्वीचा वर्ग नाटक करून शाळेचा इतिहास दाखवणार होता. इमारत होती लाल दगडाची, मुलांचं दार वेगळं, मुलींचं वेगळं, आणि दारांवर तशी अक्षरं अजून कोरलेली. आता सगळी पोरं दिसेल त्या दारातून घुसतात तो भाग निराळा. नाटकाचा पहिला प्रवेश छडीवाल्या कडक बाईंचा. मग युद्धात छप्पर उडालेली शाळा, मग दोन पाळ्यांत भरणारे वर्ग आणि उपाशी पोरांना पातेल्यांतून वाढलेली खीर, मग तुर्कस्तान-इटलीहून कामाला आलेल्या लोकांची मुलं, आणि शेवटी आजचा वर्ग, ज्याची हजेरी घेताना फ्राऊ लेहमान या वर्गशिक्षिकेची जीभ रोज जगभर हिंडून येते. पुष्कर हे समजावून सांगत असताना सरलाबाई दोन पाळ्यांपाशीच अडकल्या.

"अरे, आमचीही दोन पाळ्यांचीच होती! सकाळच्यांनी फळा पुसला नाही की दुपारच्या बाई येऊन माझ्याशी भांडायच्या."

जर्मनीबद्दल त्यांना पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

छडीवाल्या बाईंचं काम चिठ्ठ्या टाकून अन्वीच्या वाट्याला आलं, आणि तिथेच घोळ झाला. बसमध्ये दुसऱ्याचा धक्का लागला तरी ही पोर आपणच सॉरी म्हणणारी. तालमीत ती "रूहे!", म्हणजे शांत बसा, असं इतक्या अदबीने म्हणाली की अख्खा वर्ग खिदळला. आवाज सुटला नाही तर दुसऱ्या मुलीला घ्यावं लागेल, असं फ्राऊ लेहमान हळुवारपणे म्हणाल्या. अन्वी घरी आली आणि सोफ्यावरच्या उशीत तोंड खुपसून रडली.

"रागवायचंच आहे ना?" सरलाबाईंनी पदर खोचला. "ऊठ. जन्मभर मी दुसरं केलंय काय?"

सोफ्यावर अन्वीची अस्वलं, ससे आणि एक कानतुटका हत्ती विद्यार्थी म्हणून बसले. "आधी ओरडायचं नाही," सरलाबाई म्हणाल्या. "आधी बघायचं. बघायचं एकाकडेच, पण प्रत्येकाला वाटलं पाहिजे, मेलो, माझ्याकडेच बघतायत. आणि मग..." त्यांनी दम घेतला. "ए! हाताची घडी, तोंडावर बोट!"

स्वयंपाकघरात पुष्करने हातातली सुरी खाली ठेवली आणि हाताची घडी घातली. ओठावर बोट गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण चाळिशीला आलोय. अन्वी हसून हसून लोळली. "नोखमाल, आजी! नोखमाल!" म्हणजे पुन्हा, पुन्हा. मग रोज शाळेतून आल्यावर हत्तीची शाळा भरू लागली. अन्वी रागवायची ती जर्मनमध्येच, पण आवाजाला धार येऊ लागली.

"आता हेच मराठीत म्हण बघू," एकदा सरलाबाईंनी हळूच पिल्लू सोडलं. अन्वी हत्ती उचलून आत निघून गेली.

"अहो आई, रागावू नका," ईप्सिता म्हणाली, "पण ती तोंड उघडते न उघडते तोच तुम्ही परीक्षा घ्यायला लागता. आता हे म्हण, शाब्बास, आता ते म्हण. बिचकते ती."

सरलाबाईंना ते चांगलंच झोंबलं. झोंबलं, कारण खरं होतं. त्यानंतर त्यांनी मराठीचं नाव काढलं नाही.

शनिवारी शाळेचा हॉल खच्चून भरला. मागे केक-कॉफीची टेबलं, पुढे रडकी बाळं, मध्ये गप्पा मारणारे आईबाप. पडदा उघडला. स्टेजवर बाकांवर पोरं, समोर लांब काळ्या झग्यात अन्वी. व्रात्य पोराचं काम करणारा योनास एवढा रंगात आला की त्याने फळ्याचा ओला स्पंज खरोखरच भिरकावला. तो नेमका फ्राऊ लेहमानच्या मांडीवर येऊन पडला. सारा हॉल हसू लागला, बाकावरची पोरं नाचू लागली.

"रूहे!" अन्वी ओरडली. कुणाला ऐकूच गेलं नाही. पुन्हा ओरडली, पुन्हा तेच. तिचे डोळे भरून आले. सरलाबाईंचा जीव टांगणीला लागला.

अन्वी थांबली. छडी तिने टेबलावर ठेवली आणि योनासकडे बघितलं. नुसतं बघितलं.

"ए! हाताची घडी, तोंडावर बोट!"

म्हणता म्हणता तिने तसं करूनही दाखवलं. योनासची घडी पडली. मग बाकांवरच्या पोरांची, मग हॉलमधल्या पोरांची, मग आईबापांची. केकचा घास तोंडात असलेल्या एका आजोबांनी त्या घासावरच बोट ठेवलं. हॉल चिडीचूप झाला.

आणि त्या शांततेत सरलाबाई मोठ्यांदा म्हणाल्या, "अगंबाई! पुष्कर, ऐकलंस? मराठीत बोलली रे पोर!"

अन्वीची मान वळली.

"कोण बोलतंय? तिसऱ्या रांगेतली, निळी साडी! सरला! तुला वेगळं सांगायला पाहिजे का? उभी राहा!"

"अन्वी!" पुष्कर दातओठ खात पुटपुटला. पण सरलाबाई उभ्या राहिल्या होत्या, हाताची घडी घालून, ओठावर बोट ठेवून. इतक्या वर्षांत त्यांनी शेकड्यांनी पोरं उभी केली होती. त्यांना उभं करणारं कुणी आजवर भेटलं नव्हतं. लोकांना वाटलं हेही नाटकातलंच, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

पुढचा इतिहास सरलाबाईंनी उभ्यानेच पाहिला. छप्पर उडालं, खीर वाढली गेली, तुर्की गाणं झालं. "अहो आई, बसा ना," ईप्सिताने पदर ओढला. सरलाबाईंनी मान हलवली. बाईंनी सांगितल्याशिवाय बसायचं नसतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आनंद पोटात मावत नव्हता.

पडदा पडला. झगा सावरत अन्वी रांगांमधून धावत आली आणि आजीपुढे येऊन थबकली.

"आजी, तू अजून उभीच? बस ना आता. पाय दुखतील तुझे."

सरलाबाईंच्या अगदी ओठांवर 'शाब्बास' आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि मुकाट्याने खाली बसल्या.