काकूंचं तोंड बंद करा

बिट्टीला ही खोली काहीही करून हवी होती. जमिनीखालच्या वाफेवर वीज करणाऱ्या केंद्रात नोकरी लागल्यापासून ती तिथल्या स्टोअररूममध्ये, पंपाशेजारी झोपत होती, आणि पंप घोरायचा. इथे मोठी खिडकी होती, पंखा होता, घोरणारं कुणी नव्हतं.

घरमालकीणबाई किल्ली देणार, इतक्यात फोन आला. हातात पिशव्या, म्हणून बिट्टीनं तो स्पीकरवर टाकला. तिथेच घोळ झाला. केंद्रातल्या विहिरींना नंबर होते, पण सगळ्यात जुन्या, तापट विहिरीला सगळे काकूच म्हणायचे.

"मॅडम, काकू भडकल्यात," फोरमन म्हणाला. "नुसत्या थरथरतायत."

"तोंड बंद करा त्यांचं. हळूहळू हं."

"आणि नंतर जमिनीत गाडायचं ते?"

"नेहमीसारखंच."

किल्ली परत मुठीत गेली.

"कुणाची काकू?" घरमालकीणबाईंनी बारीक आवाजात विचारलं.

"सगळ्यांचीच," बिट्टी म्हणाली, आणि बाई मटकन पलंगावर बसल्या.

मग बिट्टी सुटलीच. काकू म्हणजे विहीर. जमिनीच्या पोटातलं कढत पाणी तिच्यातून वर येतं, त्याची वाफ होते. वाफ चक्राच्या पात्यांवर आदळते, चक्र गरगर फिरतं, चक्राला जोडलेलं जनित्र फिरतं, की झाली वीज. दमलेली वाफ थंड करून तिचं पाणी करायचं आणि परत खाली सोडायचं. तेच ते गाडणं.

"म्हणजे माझा पंखा काकूंच्या जिवावर?"

"अगदी."

तेवढ्यात पंखा गचके देत थांबला. बाईंनी वर पाहिलं, मग बिट्टीकडे.

"केलंत ना बिचारीचं तोंड बंद? आण तो फोन."

फोरमनला काही कळायच्या आत बाई सुरू झाल्या. "अहो, तापट बाईला असं दाबतात का? जरा गोडीनं घ्या."

"बरं, बरं," फोरमन घाबरून म्हणाला, आणि त्यानं शेजारच्या विहिरीची झडप उघडली. जरा वेळानं पंखा फिरला.

हे आपल्याच बोलण्यानं झालं, याबद्दल बाईंना काडीचीही शंका नव्हती. बिट्टीनं तोंड उघडलं, खिडकीकडे पाहिलं आणि शहाण्यासारखं मिटलं.

"राहा तू," किल्ली देत बाई म्हणाल्या. "पण काकू पुन्हा बिथरल्या तर आधी मला सांगायचं. तुम्हा पोरांना बोलता येत नाही."