हात माझ्याकडे, कान भोंग्याकडे

मित्रांनो, मी एक जुने स्टिअरिंग आहे. खऱ्या गाडीचे नव्हे, खेळातल्या गाडीचे. टीव्हीसमोरच्या टेबलाला मला चापांनी घट्ट आवळतात, माझी वायर कन्सोलमध्ये खोचतात आणि मग पडद्यावरची गाडी मी वळवीन तशी वळते. जुनी वस्तू बोलू लागली की ती कष्टाच्या आणि त्यागाच्या गोष्टी सांगणार, असे तुम्हाला वाटत असेल. मी कष्ट पुष्कळ केले, पण त्याग मला कधी जमला नाही. मी मत्सरी आहे. माझे आयुष्य बहुतेक जळफळण्यातच गेले, तेव्हा तेच सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आधी लोखंडी कडे, मग त्यावर रबर, वर काळे कातडे आणि कडेने लाल दोऱ्याची शिलाई. पोटात एक छोटी मोटर बसवली. पडद्यावरची गाडी खडबडीत रस्त्यावर गेली की ती मोटर मला थरथरवते आणि खेळणाऱ्याच्या हातांना रस्ता कळतो. मला माणसांशी बोलता येत नाही, मला येते ती फक्त ही थरथर. तीच माझी भाषा असे म्हणा.

ताईने मला घरी आणले तेव्हा ती कॉलेजात होती. तिच्या मैत्रिणी यायच्या, मला फिरवून बघायच्या, "काय भारी आहे गं!" म्हणायच्या. मी फुगून जायचो. पण ताईच्या हातात धीर नव्हता. वळण आले की ती मला हिसकायची, गाडी भिंतीवर आपटली की माझ्यावरच बुक्की मारायची. तरी मी तिचे वाईट मानले नाही, कारण ती खेळताना फक्त माझीच असायची.

मग बाबा घरी बसले. ताईचे बाबा मोठाल्या इमारती बांधायच्या कामावर उंच क्रेन चालवत. सगळा जन्म त्या काचेच्या केबिनमध्ये गेला. गुडघे शिडी चढेनात, तेव्हा निवृत्त झाले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहिले. आधीच अबोल माणूस, त्यात कामही सुटले. आई काही विचारायच्या तर "हं" एवढेच उत्तर. एका दुपारी ताईने त्यांना हाताला धरून टेबलाजवळ आणले आणि त्यांचे दोन्ही हात माझ्यावर ठेवले.

मित्रांनो, ते हात मी विसरणार नाही. जाड, कोरडे, घट्टे पडलेले, पण स्पर्श असा की झोपलेले बाळ उचलावे. क्रेनवाल्याने झटका दिला की खाली लोंबकळणारे ओझे झुलते, म्हणून त्यांचे हात झटका द्यायला शिकलेच नव्हते. वळण यायच्या आधीच ते मला हळूहळू फिरवू लागायचे. ताई बघतच राहिली.

"बाबा, कुठे शिकलात हे?"

"शिकायचं काय त्यात? घाई करायची नाही," बाबा म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांनी एवढे मोठे वाक्य उच्चारले होते.

त्या दिवसापासून मी मनाने बाबांचा झालो. आता हा माणूस पूर्ण माझा, असे मी ठरवून टाकले. त्यांना विचारायचे मात्र राहून गेले.

छोट्या शर्यतीत अडचण नव्हती. अडचण आली ती लांब शर्यतींत. ताईच्या मनात एक शर्यत फार दिवसांपासून भरली होती. सहा तासांची, दोघांनी आळीपाळीने गाडी चालवायची आणि मध्ये कुठे न थांबता शेवट गाठायचा. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाण्याआधी ती शर्यत एकदा तरी बाबांबरोबर पुरी करायची, हा तिचा हट्ट. पण सरावाला बसले की अर्ध्या तासात बाबांचा हात सैल पडायचा. तीच वळणे, तीच झाडे, तीच इंजिनाची घरघर. डोळे उघडे असायचे आणि मन कुठेतरी दुसरीकडे. लांब सरळ रस्त्यावर तर ते चक्क पेंगायचे.

मग उपाय सुरू झाले आणि माझ्या पोटात दुखायला लागले. आईंनी मानेवर ओला टॉवेल ठेवला. बाबा सारखा तो टॉवेलच सरळ करत बसले. ताईने आंबट गोळ्या आणल्या. त्यांचा कागद सोडवायला एक हात माझ्यावरून जायचा. शेजारी रेडिओ लावला, तर बाबा बातम्यांत असे गुंतले की गाडी गवतात गेली. ताईने सांगितले, प्रत्येक फेरीला काहीतरी वेगळे बघा, एकदा पूल बघा, एकदा प्रेक्षक बघा. बाबांनी प्रेक्षक बघितले आणि कठडा बघायचा राहिला. त्या टॉवेलचा, त्या गोळ्यांचा, त्या रेडिओचा मी मनातल्या मनात उद्धार केला. मी हातात असताना यांना करमणूक बाहेरून कशाला लागते?

आणि मग आला भोंगा.

भोंगा म्हणजे बाबांचा कामावरचा जोडीदार. खरे नाव कुणी घेत नसे. क्रेनवाला वर, त्याला खालचे धड दिसत नाही, म्हणून जमिनीवर उभा राहून वॉकीटॉकीवरून "जरा डावीकडे, सावकाश, अजून थोडं खाली" असे सांगणारा एक माणूस लागतो. तो हा भोंगा. आवाज एवढा खणखणीत की वॉकीटॉकीची गरजच नाही, असे सगळे म्हणायचे. वर्षानुवर्षे बाबांचे हात चालले ते कानात भोंग्याचा आवाज असताना. काम नसले तरी त्याची बडबड चालूच असायची. ती सवय त्या हातांत किती खोल गेली होती, हे मला ठाऊक नव्हते.

एकदा सराव चालू असताना त्याचा सहज फोन आला. बाबांनी फोन स्पीकरवर टाकून माझ्या शेजारी ठेवला.

"काय करतोयस?" भोंगा ओरडला.

"गाडी चालवतोय."

"तू? गुडघ्यांनी?"

"खेळातली रे."

"म्हातारपणी काय थेरं! बरं ऐक, आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईनं काय केलंय माहितेय का?" आणि जो पट्टा सुटला तो तासभर. वरच्या बाईंची गळकी टाकी, मुलाचे नवे बूट, सुनेने कापलेले केस. बाबा नुसते "हं... हं..." करत होते. पण काय सांगू, त्यांची पकड घट्ट झाली. प्रत्येक वळण सुतासारखे निघाले. ताई घड्याळाकडे आणि पडद्याकडे आळीपाळीने बघत राहिली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हात माझ्याकडे आणि कान भोंग्याकडे! मी थरथरून रस्त्यातला खडा न खडा सांगत होतो आणि बाबा हसत होते ते कुणाच्या तरी गळक्या टाकीला. त्यानंतर भोंग्याशिवाय सराव होईना. फोनची बॅटरी संपावी म्हणून मी रोज मनात प्रार्थना करू लागलो.

माझी प्रार्थना वेगळ्याच वाटेने फळली. सराव शर्यतीचा शेवटचा टप्पा होता, आपली गाडी तिसऱ्या नंबरावर होती, आणि फोनच्या पलीकडे भोंग्याची बायको पंखा पुसायला डगमगत्या स्टुलावर चढली. भोंगा जिवाच्या आकांताने ओरडला, "थांब!"

आता क्रेनच्या कामात एक नियम असतो. "थांब" हा शब्द कुणीही, कुणालाही उद्देशून म्हटला, तरी हात आधी थांबवायचा आणि विचार नंतर करायचा. बाबांनी तो नियम जन्मभर पाळला होता. त्यांनी भर वेगात कचकन ब्रेक दाबला. मागच्या तीन गाड्या आमच्यावर येऊन आदळल्या आणि आमची गाडी उलटीपालटी होत बाहेर गेली. भोंग्याची बायको मात्र सुखरूप खाली उतरली.

"भोंगाकाका, अहो काय हे!" ताई रडकुंडीला आली. "बाबा, मोठ्या शर्यतीत फोन नको. अजिबात नको."

मग भोंगा म्हणाला, "बरोबर आहे पोरी. माझी कटकटच होते. नाही करणार फोन." आवाज त्याचा, पण त्यातला भोंगा गेला होता. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

मोठ्या शर्यतीच्या दिवशी फोन आतल्या खोलीत ठेवला होता. ताईने पहिला भाग चालवला, मग बाबा बसले. खोली शांत. कान, डोळे, हात, सगळे माझ्यापाशी. इतका सुखी मी कधीच नव्हतो. मी प्रत्येक खड्डा, प्रत्येक उतार मन लावून सांगितला. पहिल्या काही फेऱ्या झकास झाल्या. मग त्यांचा अंगठा माझ्यावरून सरकला. मग एक बोट. मग सगळा पंजा ढिला पडला. गाडी कडेच्या खडबडीत पट्टीवर गेली. मी जीव तोडून थरथरलो. पोटातली मोटर गरम झाली, टेबलावरची पेन्सिल घरंगळून खाली पडली, पण बाबांची मान पुढे झुकली होती. माझी सगळी भाषा त्या हातांत ओतली, मित्रांनो, आणि ते जागे झाले नाहीत.

ताई आतल्या खोलीत धावली. फोन लावून तिने तो बाबांच्या कानाशी धरला. "काका, बोला ना! काहीही बोला!"

"मी नाही बोलायचं, असं ठरलंय ना?"

"चुकलं माझं. बाबा झोपलेत, काका!"

"झोपला? अरे मेल्या, वर बसून झोपतोस?"

बाबांची बोटे ताडकन आवळली गेली. त्या खेपेला शर्यत संपेपर्यंत भोंगा एकदाही गप्प बसला नाही आणि नको तो शब्द त्याने तोंडातून निघू दिला नाही. बायको समोरून स्टूल घेऊन गेली तरी त्याने नुसते "अगं, अगं, अगं" केले. आमची गाडी अकरावी आली. ताई नाचली, आईंनी टाळ्या वाजवल्या. आणि बाबांनी मला सोडून दोन्ही हातांनी फोन उचलला. मी त्यांच्या हातात होतो तरी त्यांना जागे करू शकलो नाही, आणि हा दुसऱ्या घरात बसून ते करून गेला. एवढा मी आयुष्यात कधी जळलो नव्हतो.

पुढे ताई नोकरीच्या गावी गेली. काही महिन्यांनी भोंग्याच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी त्याचे बोलणे पूर्ण बंद केले. आवाज परत येईल की नाही, हे त्यांनाही सांगता येईना. फोन यायचा बंद झाला. बाबांनी मला टेबलावरून काढले आणि कपाटावर ठेवले. ते पुन्हा खिडकीजवळ जाऊन बसले. आता त्यांचे कान मोकळे होते, माझा प्रतिस्पर्धी मुका झाला होता, जे जे मागितले ते मला मिळाले होते. आणि माझ्यावर धूळ बसत होती. कातडे सुकून भेगाळले, लाल शिलाई उसवली. मी तेव्हा पहिल्यांदा भोंग्याचा फोन यावा म्हणून वाट पाहिली. फार उशिरा सुचले.

मागच्या आठवड्यात दाराची घंटा वाजली. भोंगा आला होता. गळ्याला मफलर, हातात काही नाही, तोंडात आवाज नाही. बाबांनी त्याला आत घेतले. मग बाबा खुर्चीवर चढले. आई "अहो, गुडघे!" म्हणेपर्यंत त्यांनी मला खाली काढले, ओल्या फडक्याने पुसले, चापांनी टेबलाला आवळले. मी सावरून बसलो. ते हात पुन्हा माझ्यावर येणार होते.

बाबांनी भोंग्याला माझ्यासमोर बसवले.

"आज तू वर. मी खाली," ते म्हणाले.

जन्मभर दुसऱ्याला डावे-उजवे सांगणाऱ्या त्या माणसाला स्वतःला काहीच चालवता येत नव्हते. त्याने मला पिळले, हिसकले, घामाने भिजवले. आणि बाबा बोलू लागले. "जरा डावीकडे. सावकाश. आता सरळ रस्ता आहे, तोवर ऐक, ताईनं तिकडे काय केलंय माहितेय का..." ताईचे नवे घर, आईंचा चष्मा, खिडकीतून दिसणारे सगळे जग. तीन तास! ज्या माणसाचे हात मी इतके दिवस धरले, त्याच्या पोटात एवढे बोलणे साठले होते, आणि ते निघाले भोंग्यासाठी.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंना पुसत जा, वायर नीट गुंडाळून ठेवा, कातड्याला उन्हात टाकू नका. आणि लांब शर्यतीला कुणाला एकटे बसवू नका. तिथे आमची थरथर पुरत नाही. हे मी मोठ्या मनाने सांगतोय असे समजू नका, मला आजही भोंग्याचा हेवा वाटतो. शेवटच्या फेरीत तो दमला, त्याच्या हातातून मी निसटत होतो, आणि बाबांनी अख्ख्या दुपारी मला एकदाही हात लावला नव्हता. मनात आले असते तर मी गाडी भिंतीवर जाऊ दिली असती. मी जीव तोडून थरथरलो, आणि भोंग्याने पकड घट्ट केली.