वन्संना वारं लागलं

तीन वर्षं मी या दिवसाची वाट बघत होते. खोटं कशाला बोलू?

तीन वर्षांपूर्वी माझा नवरा फाउस्तो सकाळी दहाला भट्टीतून पाव काढत होता. एकाएकी तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. "दवाखान्यात नेऊ या," मी म्हटलं, तर त्याची थोरली बहीण तार्खेलिया दाराला कडी घालून उभी. "तुला काय कळतंय गं? भट्टीच्या धगीतून गार अंगणात गेला, वारं लागलं त्याला! आता बाहेर काढशील तर दुसरं वारं लागून मरेल."

आमच्या आंबातो गावात कुणालाही विचारा, हेच सांगतील. वन्संनी सतापीच्या उग्र पाल्याच्या जुडीने त्याचं अंग झाडलं, मी उसाची दारू पायांना चोळत बसले. उतार पडेना म्हणून शेवटी चार वाजता दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूत रक्ताची गुठळी अडकलीय. साडेचार तासांच्या आत आणलं असतंत, तर ती विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं."

तेव्हापासून फाउस्तो खुर्चीत आहे. सगळं कळतं, पण शब्द फुटत नाही. इंजेक्शनचं त्याला मी कधी सांगितलं नाही. कुठल्या तोंडाने सांगणार?

आणि मंगळवारी पीठ मळता मळता वन्संचा डावा हात लुळा पडला. ओठ एका बाजूला ओघळला. मी घड्याळ बघितलं. नऊ वीस.

"वा... वारं," त्या बरळल्या. "सताप आण. दार... लाव."

देवाशपथ सांगते, मी दार लावलं. सताप हातात घेतली. त्यांचंच तर ऐकत होते, कुणाची काय बिशाद मला बोल लावायची!

मग विचार आला, ही बाई अशीच पडून राहील आणि मरेपर्यंत म्हणेल, वारंच लागलं होतं. छे! एवढ्यावर सोडायची नव्हती मला.

"उठा वन्सं!" त्यांना ओढत पावाच्या गाडीत कोंबलं.

"काच... काच लाव गं!"

"लावते हं." दोन्ही काचा खाली केल्या. "घ्या, पोटभर खा वारं!"

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधी सुरू झालं? नऊ वीस, मी सांगितलं. मेंदूचा स्कॅन झाला, रक्तस्राव नव्हता, लगेच इंजेक्शन दिलं. पाचव्या दिवशी वन्सं स्वतःच्या पायांनी घरी आल्या.

मी त्यांना फाउस्तोसमोर बसवलं. "सांगा त्याला. कशाने बऱ्या झालात?"

"इंजेक्शनने." शब्द कसे स्वच्छ!

"आणि त्याला का नाही मिळालं?"

वन्संनी त्याचा लुळा हात धरला आणि हंबरडा फोडला. "वेळेत नेलं असतं तर तूही उठला असतास रे! आम्ही तुला सहा तास घरात कोंडून ठेवलं."

"आम्ही?" मी किंचाळले. "आम्ही नाही, तुम्ही!"

फाउस्तोने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो माझ्याकडे बघत होता.