मौनमाईंची अक्षरपाटी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, मधली वाट चाकाच्या खुर्च्यांनी भरली, उरलेली माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहिली. प्रत्येकासोबत घरातलं एक न बोलणारं माणूस होतं. कोणाचं मूल, कोणाचा भाऊ, एका म्हाताऱ्या जोडप्याची चाळिशीतली मुलगी. व्यासपीठावर माझी भाची माऊ बसली होती. वय अकरा आणि जन्मात एक शब्द न बोललेली. तिचं मनगट मौनमाईंच्या हातात होतं आणि तिचं बोट समोरच्या अक्षरपाटीवर, छापलेल्या एकेका अक्षरावर, भराभर फिरत होतं.

"म... ला... स... ग... ळं..." मौनमाई एकेक अक्षर मोठ्याने वाचत होत्या. "मला सगळं कळतं, आई. मी कधीची तुझी वाट बघतेय."

माझी ताई उभी होती तिथेच मटकन खाली बसली. टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारच्या अनोळखी बायका तिच्या पाठीवरून हात फिरवत स्वतःच रडायला लागल्या.

मौनमाई हे नाव त्यांना कोणी दिलं कोण जाणे. ही बाई क्षणभरही मौन पाळत नसे. "मूल मुकं नसतं, बायांनो! आपण बहिरे असतो! आत शब्दांचा समुद्र भरलाय, मी फक्त बूच काढते." बूच निघालं होतं ते त्यांच्याच तोंडाचं, पण हे बोलायची ती जागा नव्हती. मी एवढंच विचारलं, "माई, माऊला अक्षरं कोणी शिकवलेलीच नाहीत. मग ती लिहिते कशी?"

"शरीराला शाळा लागते, दादा. आत्मा साक्षरच जन्मतो."

सगळ्या सभागृहाने माना डोलावल्या. माझ्या आत्म्याने शाळेत गणिताच्या पेपरात माती का खाल्ली होती, हेही विचारावंसं वाटलं. ताईकडे बघून तो प्रश्न गिळला.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. समोरचा माणूस नेमका कुठे बघतोय, हे बघण्यातच माझा दिवस जातो. सवयीने मी माऊच्या डोळ्यांकडे पाहिलं. ती छतावरच्या पंख्याकडे बघत होती. बोट पाटीवर, डोळे पंख्यावर. आपण उघड्या डोळ्यांनीसुद्धा फोनवर नीट लिहू शकत नाही, आणि ही पोर न बघता जोडाक्षरं लिहीत होती. पाटीकडे डोळ्यांत तेल घालून बघणारं तिथे एकच माणूस होतं, आणि ते माऊ नव्हतं.

हे सगळं दुसऱ्या एखाद्या आठवड्यात घडलं असतं, तर मी हसून सोडून दिलं असतं. पण येत्याच सोमवारी माऊचं केंद्र सुरू होणार होतं.

त्या केंद्राची गोष्ट सांगायला हवी. माऊ तीन वर्षांची झाली तरी बोलेना, तेव्हापासून ताई दारोदार फिरत होती. दवाखाना म्हणे, आमचं काम तपासण्याचं, पुढचं तुम्ही बघा. शाळा म्हणे, आमच्याकडे सोय नाही. सरकारी कचेरीत एका खिडकीतून दुसरीकडे पाठवायचे आणि दुसरीवरचा माणूस जेवायला गेलेला असायचा. ताईने नोकरी सोडली. भावोजी जहाजावर, वर्षातला बराच काळ समुद्रात. घर आणि माऊ, एवढंच ताईचं जग झालं. मग एकदा दुकानात चष्मा घ्यायला आलेल्या एका आईकडून मला कळलं की ताईच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, बस आगाराच्या मागच्या गल्लीत, असं केंद्र आहे. तिथे व्यायाम, बोलण्याचे उपचार, दिवसभर सांभाळ आणि आयांसाठी एक गट आहे. दारावर धड पाटीसुद्धा नव्हती. मौनमाईंचं हसरं तोंड मात्र शहरातल्या खांबाखांबावर लटकत होतं. मला आजही याचा संताप येतो.

जागा मिळेपर्यंत बराच काळ वाट बघावी लागली. शेवटी निरोप आला, सोमवारी सकाळी माऊला घेऊन या, नाही आलात तर जागा पुढच्या मुलाला देऊ.

आणि आता मौनमाई मध्येच उपटल्या होत्या. त्या स्वतः मनगट धरत तेवढ्यावर भागत नव्हतं, त्या आयांनाही हात धरायला शिकवत. "मनगट हलकं धरायचं, मन रिकामं करायचं, आणि मूल नेईल तिकडे जायचं." ताई चार दिवसांत शिकली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर माऊ तिच्या हातून लिहायला लागली. आई, मला भूक लागली. आई, तू खूप सोसलंस. शुक्रवारी मी गेलो, तर ताईने दारातच सांगितलं, "माऊ केंद्रात जाणार नाही."

"कोण म्हणतं?"

"तीच म्हणते. तिने लिहिलं, तिथे मला कोंडल्यासारखं होईल. मी जबरदस्ती नाही करणार. अकरा वर्षं तिला कोणी विचारलं नाही, आता ती बोलतेय तर मीच ऐकायचं नाही का?"

"ताई, नाव नोंदवायला ती एकदाच तिथे गेली होती. निघायला तयार नव्हती, खांबाला मिठी मारून बसली होती. विसरलीस?"

"तेव्हा तिला बोलता येत नव्हतं."

मी घरभर येरझाऱ्या घातल्या, पाणी प्यायलो, पुन्हा येरझाऱ्या घातल्या. ताई म्हणाली, "बस की एका जागी." मला बसवेना. सोमवार डोक्यावर बसला होता.

शनिवारी दुकान लवकर बंद करून मी केंद्रात गेलो. बोलायला शिकवणाऱ्या बाई मुलांची खेळणी पुसत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही.

"हे पूर्वीही पुष्कळ ठिकाणी झालंय," त्या म्हणाल्या. "धरणाऱ्याच्या मनात जे असतं, तेच हात लिहितो. धरणाऱ्याला कळतही नाही. हाताला इतकं बारीक ढकलण्याची सवय असते की आपणच ढकलतोय हे जाणवत नाही. तपासायचं सोपं आहे. मुलीला एक वस्तू दाखवा, ती आईला माहीत नको. मग विचारा."

"मग आजच करतो."

"करा. पण बहिणीला खोटं पाडायला जाऊ नका. ती खोटं बोलत नाहीये. तिला तिचं तिलाच बघू द्या."

संध्याकाळी मी नेहमीसारखा माऊसाठी फुगा घेऊन गेलो. ताईला सरळ सांगितलं, "मला एकदा खात्री करून दे, मग मी केंद्राचं नाव काढणार नाही." ती लगेच तयार झाली. तिला भीती कसली असणार? तिचा पूर्ण विश्वास होता.

मी माऊला गॅलरीत नेलं, दार लावलं आणि डोळे तपासायची माझी छोटी बॅटरी तिच्यासमोर चालूबंद केली. माऊ खिदळली, बॅटरी हिसकून घेतली, पाचसहा वेळा स्वतः दाबली. आम्ही आत आलो. ताईने मनगट धरलं. "माऊ, मामाने काय दाखवलं?"

बोट फिरलं. फुगा.

"फुगा मी येताना आणला, तो तू पाहिलास," मी म्हणालो. "गॅलरीत मी बॅटरी दाखवली."

"तिला फुगा जास्त आवडला असेल."

मग मी तिला पुन्हा गॅलरीत नेऊन कंगवा दाखवला. पाटीवर आलं, चेंडू. बूट दाखवला. पाटीवर आलं, फूल. ताईचा चेहरा उतरत गेला, पण तिने हात सोडला नाही. मग म्हणाली, "आता उलटं कर. मला दाखव. तिला नको."

हे मला सुचलंच नव्हतं. मी माऊला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि ताईसमोर ड्रॉवरमधली कात्री धरली. पुन्हा आत ठेवली. माऊ आली, ताईने मनगट धरलं आणि विचारलं, "आम्ही काय बघितलं?"

बोट जराही अडखळलं नाही. का. त्री.

ताईने माऊचा हात अलगद टेबलावर ठेवला. माऊ उठून फुग्यामागे पळाली.

"म्हणजे 'तू खूप सोसलंस' हेही मीच लिहिलं," ताई म्हणाली. "मीच मला म्हणाले."

मी तिला खोटा धीर दिला नाही. तिच्याशेजारी बसून राहिलो, आणि ती रडत होती तोवर मलाही रडू आवरलं नाही.

रविवारी शेवटची बैठक होती. मला जायचंच नव्हतं, ताईने ओढत नेलं. "त्या सगळ्या बायका मी बघितल्यात," ती म्हणाली. "त्यांना कोण सांगणार?"

सभागृह पुन्हा तुडुंब. आमचा नंबर आल्यावर ताई माऊला घेऊन व्यासपीठावर चढली आणि हात जोडून म्हणाली, "माई, मामाने तिला आत्ता बाहेर एक खेळणं घेऊन दिलं. कोणतं, ते मला सांगायला तयार नाही ती. तुमच्या हातून सांगेल."

माई प्रसन्न हसल्या. "आईवर रुसली का गं? सांग, सांग माईला." मनगट धरलं, बोट फिरलं. "बा... हु... ली. बाहुली! बघा, लाजतेय कशी."

माऊ लाजत नव्हती, नाक खाजवत होती.

"मामाने खेळणं घेतलंच नाही, माई," ताई म्हणाली. "आम्ही घरून थेट इथे आलो."

सभागृहात कुजबुज उठली. पण बाई मुरलेली. "अगं, तिला बाहुली हवी आहे! मनातली इच्छा सांगतेय ती!" आणि काही माना खरोखरच डोलल्या. तेव्हा मी ओळखलं की नुसतं तोंडघशी पाडून चमत्कार मरत नाही.

ताईने आवाज चढवला नाही. "माईंचं राहू दे. मी पण घरी हेच केलंय, माझ्याच हाताने. तुम्हीही करता. आत्ता एक करा. आपापली पाटी घ्या, मुलाचा हात धरा आणि डोळे मिटा. मूल लिहीत असेल, तर आपले डोळे मिटल्याने त्याचं काय अडणार?"

काहींनी पाट्या पिशवीत घातल्या. एक गृहस्थ ओरडले, "आमचा मुलगा बोलतो, आम्हाला नाही बघायचं," आणि मुलाची खुर्ची ढकलत निघून गेले. पण बऱ्याच बायकांनी डोळे मिटले. शेजारच्यांनी अक्षरं वाचायला सुरुवात केली. क, क, ढ, रिकामी जागा, पाटीच्या बाहेर. सभागृहभर नुसती खिचडी. ते म्हातारं जोडपं आपल्या चाळिशीतल्या मुलीचा हात धरून डोळे मिटून बसलं होतं, आणि बोट हलतच नव्हतं. म्हातारीने डोळे उघडले, पाटी पालथी केली आणि मुलीच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

मौनमाई "श्रद्धा नसेल तिथे वाचा फुटत नाही" असं काहीतरी म्हणत होत्या, पण ऐकणारं फारसं कोणी उरलं नव्हतं. त्या पक्क्या लबाड होत्या की स्वतःच्याच हाताने फसलेल्या, हे मी अजून सांगू शकत नाही. जी माणसं त्यांच्याकडे आली, त्यांना या फरकाचा काही उपयोग नव्हता. बाहेर पडताना पाचसहा जणी ताईभोवती जमल्या. तिने त्यांना केंद्राबद्दल सांगितलं. "ते केंद्र कुठे आहे म्हणालीस?" बस आगार, मागची गल्ली, असं ती प्रत्येकीला सांगत राहिली. म्हातारीला तिने दोनदा सांगितलं.

सोमवारी आम्ही केंद्रात वेळेआधीच पोचलो. बाईंनी माऊसमोर दोन चित्रं ठेवली, पाण्याचा पेला आणि चेंडू. ताईला म्हणाल्या, "तुम्ही बसा, पण हात लावायचा नाही." ताईने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. माऊ खिडकीकडे बघत बसली. मग टेबलाकडे. मी खुर्चीत चुळबुळत होतो. बाई मात्र वाट बघत राहिल्या, सुचवलं नाही, ढकललं नाही. शेवटी माऊने दोन्ही चित्रं उचलली आणि जमिनीवर भिरकावली.

"दोन्ही नको म्हणतेय," बाई म्हणाल्या आणि चित्रं उचलून बाजूला ठेवली. "ठीक आहे, माऊ. दुसरं बघू."

ताई हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. "'नको' म्हणाली," ती मला म्हणाली. "अरे, हे मी नाही म्हटलं. हे तिचं आहे."

तुमच्या घरात न बोलणारं कोणी असेल, तर कोणी एका बैठकीत त्याच्या तोंडी गोड वाक्यं घातली म्हणून भुलू नका. ज्याचं बोट, त्याचे डोळे कुठे आहेत ते बघा. धरणाऱ्याला न दाखवता एक साधी वस्तू दाखवा आणि विचारा. उत्तर खरं असेल, तर ते परीक्षेला घाबरणार नाही. आणि मदत शोधणं सोडू नका. ती खांबावर लटकत नाही, तिच्या दाराला कदाचित पाटीही नसते. दवाखान्यात विचारा, शाळेत विचारा, कचेरीतला माणूस जेवून परत येईपर्यंत खिडकीशी थांबा, ज्या घरात असं मूल आहे त्या घरच्या आईला विचारा. तिथे कोणी चमत्काराचं वचन देणार नाही. तिथे तुमच्या माणसाला वेळ देतील, आणि ते जे म्हणेल ते त्याचं स्वतःचं असेल, अगदी 'नको' असलं तरी.