अर्धा थाऊ

वर्लिन हस्कीची धाकटी लेक ओपल लग्न करून नॉक्सव्हिलला नांदायला गेली ते साल एकाहत्तर. लग्न जानेवारीत झालं आणि मार्च-एप्रिलात वर्लिननं बांधलेली तीन इंजिनं शर्यतीत एकापाठोपाठ जळाली.

पूर्व टेनेसीच्या त्या डोंगराळ भागात मातीच्या ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्या कुणालाही वर्लिनचं नाव सांगावं लागत नसे. पंचवीस वर्षं तो इंजिनं बांधत होता. भागीदार एकच, बायकोचा भाऊ कॉय टॅडलॉक. कॉय क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, घासून मापात आणायचा, वर्लिन इंजिन जुळवायचा. नाव वर्लिनचं व्हायचं आणि कॉयला त्याचं काही वाटत नसे. निदान वर्लिन तसं धरून चालला होता.

तिसरं इंजिन ड्युइट प्लेमन्सचं. सोमवारी सकाळीच तो गाडी ओढत घेऊन आला. वर्लिननं खालचा भाग उघडला, बेअरिंगचे शेल, क्रँकभोवती बसणारे पातळ पत्र्याचे अर्धगोल, बाहेर काढले. काळेठिक्कर पडले होते.

"तेल होतं ना रे?"

"काठोकाठ होतं. अंडी तळायला तुझं इंजिन फार चांगलं आहे बघ. मला मात्र शर्यत पळायची होती."

ड्युइट तंबाखूची पिंक टाकून म्हणाला, "क्रिस्पनं बांधलेली इंजिनं बरी पळताहेत यंदा. तुझा मेव्हणा दिसला होता तिथं गुरुवारी. तुला ठाऊक असेलच म्हणा."

"असेल काही काम," वर्लिन म्हणाला. त्याला ठाऊक नव्हतं.

पण दुसरी एक गोष्ट त्याला दोन महिन्यांपासून ठाऊक होती आणि ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती. घासण्याची बारीक धूळ इंजिनात जाते म्हणून त्या हिवाळ्यात त्यांनी कॉयचं यंत्र वर्कशॉपमधून काढून मागच्या तंबाखू वाळवायच्या जुन्या कोठारात नेलं होतं. तेव्हापासून कॉय तिकडे एकटा असायचा. क्रँक तयार झाली की वर्लिन सकाळी ती उचलून आणायचा आणि टेबलावर ठेवली की लगेच जाडी मोजायचा मायक्रोमीटर लावायचा. कॉयनं चिठ्ठीवर एक माप लिहिलेलं असे आणि मायक्रोमीटर दुसरंच सांगे. दर वेळी अर्धा थाऊ कमी. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. त्याचा अर्धा डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळत नाही. इंजिनाला मात्र कळतो.

एकदा कमी भरली असती तर चूक म्हणता आली असती. दर वेळी तेवढीच कमी, म्हणजे मुद्दाम. वर्लिननं विचारलं नाही. विचारलं तर तो सावध होईल, असं त्याच्या मनानं घेतलं. तो गुपचूप जरा जाड शेल घालून ती फट भरून काढत राहिला. इंजिन हातानं फिरवताना थोडं घट्ट लागे, पण आपण कॉयची लबाडी झाकली याचं त्याला समाधानच वाटे. आता क्रिस्पचं नाव आलं आणि सगळं जुळलं. क्रिस्पला पुढं यायचं होतं, आणि हस्कीची इंजिनं जळाली की गिऱ्हाईक दुसरीकडं कुठं जाणार?

तो तडक कोठारावर गेला. दार आतून लावलेलं होतं. कॉयनं उघडलं. अंगात जाड कोट, तोंडातून वाफ.

"दार आतून का लावतोस?"

"वारा येतो म्हणून. तासभर उभा राहा इथं, तुलाही लावावंसं वाटेल."

"गुरुवारी कुठं होतास?"

"क्रिस्पकडं." कॉयनं डोळेसुद्धा चुकवले नाहीत. उलट वर्लिनला तेच जास्त खटकलं.

"कशाला?"

"बोलावलं होतं त्यानं."

"आणि तू गेलास."

"माणसानं बोलावलं की मी जातो. तू बोलावतोस तेव्हा येतोच की."

"किल्ली ठेव," वर्लिन म्हणाला.

कॉयनं किल्ली खिळ्याला अडकवली, टोपी घातली. "ती शेवटची क्रँक झालीय. मापात आहे," एवढंच म्हणून गेला.

दुपारी जेवताना ओझेलानं घेवड्याचं भांडं नवऱ्यापुढं आदळलं. "काय केलं माझ्या भावानं?"

"क्रँक मुद्दाम मापापेक्षा जास्त घासतोय. त्यालाच विचार."

"मी तुला विचारतेय. जास्त का घासतोस, म्हणून त्याला तोंडावर विचारलंस?"

"चोराला काय विचारायचं?"

"चोर आहे की नाही तेच," ती म्हणाली आणि मक्याचा पाव उचलून घेऊन गेली.

मंगळवारी सकाळी वर्लिननं ती शेवटची क्रँक आणली, मोजली. अर्धा थाऊ कमी. बरं वाटलं त्याला. तेवढ्यात ड्युइटला सुटे भाग हवे म्हणून तो गावात गेला. दुपारी परतल्यावर, ओझेलाला आकडाच दाखवावा, म्हणून पुन्हा मोजली तर ती बरोबर मापात. चिठ्ठीवर होतं अगदी तेच.

त्याचा पहिला विचार हाच की कॉय येऊन क्रँक बदलून गेला. त्यानं कुलूप पाहिलं, खिडक्या पाहिल्या, मागच्या चिखलात पावलं शोधली. ओझेलाला विचारलं, "तुझा भाऊ आला होता?" ती पाठ फिरवून भांडी घासू लागली. तीसुद्धा सामील असेल, असं क्षणभर त्याच्या डोक्यात येऊन गेलं.

मग त्यानं कानशीनं क्रँकच्या टोकावर बारीक खूण केली, ती कोठारात नेऊन ठेवली, नवं कुलूप घातलं आणि किल्ली उशाखाली घेतली. सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. क्रँक आत आणली, खूण पाहिली, मोजली. अर्धा थाऊ कमी.

त्या दिवशी तो जागचा हलला नाही. शेगडीजवळ स्टूल घेऊन क्रँककडं बघत बसला, जणू ती पळून जाणार होती. तासानं मोजली, थोडी वाढली होती. आणखी तासानं मापात आली. सहज त्यानं लोखंडावर हात ठेवला. सकाळी तो ते बर्फासारखं गार म्हणून फडक्यात धरून आणत असे. आता ते कोमट होतं.

गारठ्यानं लोखंड आकसतं. कॉय कोठारात मोजायचा तेव्हा क्रँक गार आणि मायक्रोमीटरही गार, म्हणून माप खरं यायचं. वर्लिन मात्र गार क्रँकला शेगडीजवळचा ऊबदार मायक्रोमीटर लावत होता. आणि त्या खोट्या मापावर विसंबून जाड शेल घालत होता. इंजिन तापलं की तेलाला जागाच उरत नव्हती. तिन्ही इंजिनं वर्लिननं स्वतःच्या हातानं जाळली होती.

तो क्रिस्पकडं गेला. कॉय तिथं यंत्रावर होता, अंगात नुसता सदरा. क्रिस्प दारातून दोघांकडं टक लावून बघत होता. वर्लिननं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"म्हणजे दोन महिने तू पहाटेचा गारठा मोजत होतास," कॉय म्हणाला. "तासभर टेबलावर ठेवून मग मोजावं, हे नवशिक्यालाही ठाऊक असतं रे."

"ठाऊक होतं मलाही. पण मी माप बघत नव्हतो, तुला बघत होतो."

कॉयनं यंत्र बंद केलं. "क्रिस्पनं मला तीनदा बोलावलं. तीनदा मी जाऊन नाही म्हणालो. गुरुवारीही. चौथ्यांदा माझ्या वतीनं तूच हो म्हणालास."

"परत ये."

"पुढचं इंजिन जळेल तेव्हा पहिलं कुणाकडं बघशील?"

वर्लिनला लगेच 'तुझ्याकडं नाही' म्हणता आलं नाही. तेवढा वेळ कॉयला पुरला. त्यानं यंत्र पुन्हा चालू केलं.

पुढं दर रविवारी चर्चनंतर कॉय बहिणीच्या घरी जेवायला यायचा, घेवड्याला नावं ठेवायचा, ओपलच्या पोराला मांडीवर घ्यायचा. मागच्या कोठाराकडं मात्र गेला नाही. वर्लिन क्रँक घासायला दुसऱ्या गावी पाठवू लागला आणि आल्या की दिवसभर टेबलावर ठेवू लागला.

कॉय टॅडलॉक दोन ऑक्टोबर चौऱ्याहत्तरला, बुधवारी, क्रिस्पच्या वर्कशॉपमध्ये काम करता करता हृदय बंद पडून वारला. त्याला एकावन्नावं चालू होतं.